चर्चगेट ते बोरीबंदर: पायी वाचायचा रेल्वेचा इतिहास

१/ चर्चगेटहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला लोकलने जायचे ठरवले, तर आधी दादर गाठावे लागते आणि तेथे गाडी बदलून पुन्हा दक्षिणेकडे यावे लागते. हा वळसा सुमारे १९ किलोमीटरचा. पायी हेच अंतर साधारण दीड किलोमीटर आहे. मुंबईच्या रेल्वेच्या इतिहासातील एक महत्त्वाचे प्रकरण या दीड किलोमीटरमध्ये दडलेले आहे.

२/ ही दोन स्थानके रुळांनी जोडलेली का नाहीत? कारण ती दोन वेगवेगळ्या खासगी कंपन्यांची होती. ग्रेट इंडियन पेनिन्सुला, म्हणजे जीआयपी, ही १८४९ची. बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया, म्हणजे बीबीसीआय, ही १८५५ची. भांडवल इंग्लंडमधले, कारभार लंडनमधून.

३/ जीआयपीची पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास गेली. पुढे तिचे रूळ घाट चढून दख्खनेत आणि खानदेश-वऱ्हाडाच्या कापसाच्या मुलखात शिरले. बीबीसीआय गुजरातेतून खाली आली. तिने १८६४मध्ये ग्रँट रोड गाठले आणि नंतर समुद्रकिनाऱ्याच्या कडेने कुलाब्यापर्यंत मजल मारली.

४/ दोघींचे लक्ष बंदराकडे येणाऱ्या मालावर होते. गुंतवणूकदारांना तर फारशी चिंताच नव्हती. त्यांच्या भांडवलावर ५ टक्के परताव्याची सरकारी हमी होती. उत्पन्न कमी पडले, तर तूट हिंदुस्थानच्या महसुलातून भरून दिली जाई. दोन टर्मिनसांमध्ये उतरलेल्या माणसाचे काय, हा प्रश्न या व्यवस्थेत अनुत्तरित राहिला.

५/ म्हणूनच ‘इंग्रजांनी आपल्याला रेल्वे दिली’ हे वारंवार ऐकू येणारे वाक्य अपुरे आहे. रेल्वे कंपन्यांनी बांधली, तिची जोखीम येथील करदात्याने उचलली आणि दोन कंपन्यांमध्ये उरलेले अंतर प्रवाशाने आपल्या पायांनी भरून काढले. या तिसऱ्या घटकाची नोंद इतिहासलेखनात क्वचितच होते.

६/ आता प्रत्यक्ष वाट. चर्चगेट स्थानकासमोर पूर्वेला बीबीसीआयचे १८९९मध्ये पूर्ण झालेले मुख्यालय उभे आहे. आज ते पश्चिम रेल्वेचे मुख्यालय आहे. त्याचे वास्तुविशारद फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स. वाटेच्या दुसऱ्या टोकाला जीआयपीचे जे भव्य टर्मिनस १८७८मध्ये बांधायला घेतले गेले, तेही त्यांचेच. दोन्ही कंपन्यांना वास्तुविशारद एकच चालला, स्थानके मात्र वेगळीच राहिली.

७/ वीर नरिमन रस्त्याने पूर्वेकडे गेले की हुतात्मा चौक लागतो. मुंबईच्या किल्ल्याचे ‘चर्च गेट’ हे द्वार येथे होते. १८६०च्या दशकात तटबंदी पाडली गेली आणि द्वाराच्या जागी फ्लोरा फाउंटन उभे राहिले. स्थानकाने ज्या दरवाजाचे नाव घेतले, तो दरवाजा स्थानकापाशी नव्हताच. गाडी थांबते ती किल्ल्याबाहेर, हे चालणाऱ्याच्या सहज ध्यानात येते.

८/ चौकातून उत्तरेला दादाभाई नौरोजी रस्ता, पूर्वीचा हॉर्नबी रोड. १८९६च्या नियमानुसार येथील इमारतींना तळमजल्यावर कमानींचा, छत असलेला मार्ग ठेवणे बंधनकारक झाले. पादचाऱ्याला ऊन-पावसापासून आडोसा मिळावा, याची ही तरतूद आजही उपयोगी पडते. ज्यांनी हिंदुस्थानच्या आर्थिक निःसारणाचा हिशेब मांडला, त्या दादाभाईंच्या नावाचा रस्ता या दोन कंपन्यांच्या टर्मिनसांना जोडावा, हा योगायोग विलक्षण आहे.

९/ ५ नोव्हेंबर १९५१ रोजी मध्य आणि पश्चिम रेल्वे अस्तित्वात आल्या. कंपन्या इतिहासजमा झाल्या, हद्द मात्र टिकली. दादरला दोन्ही रेल्वेंचे फलाट शेजारीशेजारी असूनही डिसेंबर २०२३पर्यंत तेथे दोन ‘फलाट क्रमांक १’ होते. एकोणिसाव्या शतकातील विभागणी प्रवाशाला गोंधळात टाकण्यासाठी एकविसाव्या शतकातही पुरेशी होती.

१०/ या हद्दीची किंमत गोंधळापुरती मर्यादित नाही. पश्चिम रेल्वेचे एल्फिन्स्टन रोड, म्हणजे आजचे प्रभादेवी, आणि मध्य रेल्वेचे परळ ही शेजारची स्थानके. २९ सप्टेंबर २०१७ रोजी त्यांना जोडणाऱ्या पुलाच्या अरुंद जिन्यावर पावसात गर्दी कोंडून चेंगराचेंगरी झाली. २३ माणसे मृत्युमुखी पडली. ती रुळांवर नव्हती, गाडीतही नव्हती. एका स्थानकापासून दुसऱ्याकडे नेणाऱ्या वाटेवर होती.

११/ ऑक्टोबर २०२५मध्ये भुयारी मेट्रो ३ पूर्ण मार्गावर सुरू झाली. चर्चगेट, हुतात्मा चौक आणि छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस ही तिच्यावरची लागोपाठची स्थानके. जे काम दोन कंपन्यांनी केले नाही, ते दीडशेहून अधिक वर्षांनी जमिनीखालून झाले. वृद्धांसाठी, दिव्यांगांसाठी, ओझे वाहणाऱ्यांसाठी ही सोय आवश्यकच होती.

१२/ तथापि मेट्रो आली म्हणून वरची वाट दुय्यम ठरवणे चूक ठरेल. दोन स्थानकांमधील पदपथ, पूल आणि जिने हे रेल्वेचेच अंग आहे, फलाटाइतकेच. ते कोणत्या यंत्रणेच्या अखत्यारीत येतात, या वादात त्यांची रुंदी आणि सुरक्षितता हरवता कामा नये. या वाटांना कोणी धनी नसला की काय होते, हे परळने दाखवून दिले आहे.

१३/ चालण्याचे उदात्तीकरण करण्याचेही कारण नाही. भाड्याचे पैसे वाचवण्यासाठी चालणारा आणि हौसेने चालणारा यांचा रस्ता एकच असला, तरी त्यांची निवड सारखी नसते. इतिहासप्रेमींना ही निवड उपलब्ध आहे, म्हणून तरी त्यांनी ती एकदा करावी.

१४/ चर्चगेटला उतरून टर्मिनसकडे निघावे, फ्लोरा फाउंटनपाशी थांबावे आणि आलेल्या वाटेकडे वळून पाहावे. किल्ल्याचा नाहीसा झालेला दरवाजा आणि त्याचे नाव मिरवणारे स्थानक यांच्यातील अंतर तेथे डोळ्यांनी मोजता येते. नंतर कमानींच्या सावलीतून उत्तरेकडे चालावे. दहा-बारा मिनिटांत दुसऱ्या कंपनीची हद्द सुरू होते.