कवळीचे माप आणि छाटणीची कात्री



डाळिंबाच्या छाटणीत एका झाडाची कात्री दुसऱ्या झाडाला लावण्यापूर्वी ती सोडियम हायपोक्लोराईटच्या पाण्यात बुडवा, हे मी या सदरातून किती वेळा सांगितले असेल याची गणती नाही. तेल्याने ज्यांच्या बागा गेल्या त्यांना तर ते सांगावेही लागत नाही. आज त्याच औषधाविषयी लिहितो आहे, पण विषय बागेचा नाही, घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडाचा आहे.

झाले असे, की आईला कवळी बसवायची म्हणून तिला एका दंतशिबिराला घेऊन गेलो. पन्नासेक म्हातारी माणसे ओळीने बसलेली. डॉक्टर एकामागून एक मापे घेत होते. घोड्याच्या नालेसारखा ट्रे, त्यात ओली पावडर, तो तोंडात दाबायचा आणि घट्ट झाला की काढायचा. मोकळे झालेले ट्रे एका बादलीत पडत. मदतीचा पोरगा ते त्याच पाण्यात विसळून, त्याच फडक्याने पुसून पुन्हा मांडून ठेवी. काढलेली मापे एका ताटात एकमेकांना चिकटून पडलेली. बागेत असतो तर मजुराचा हात तिथल्या तिथे धरला असता. तिथे मात्र संकोचलो, आणि आईचे माप होऊन गेले. पुढे तिचे रक्त तपासून घेतले. सुदैवाने काही निघाले नाही, पण तोवर मला स्वस्थ झोप लागली नाही.

त्या मापाला लाळ लागते आणि हिरडी दुखावली तर रक्तही. 'ब' प्रकारच्या काविळीचा विषाणू वाळलेल्या रक्तातसुद्धा सात दिवस तग धरतो. माप तिथून कवळी करणाऱ्या कारागिराकडे जाते. तो त्यात प्लास्टर ओततो, म्हणजे पहिला धोका त्याच्या हाताला. पुढे कवळी घासून चकचकीत करतात ती प्युमिस दगडाच्या ओल्या भुकटीवर. एकाच भुकटीवर दहा जणांच्या कवळ्या फिरल्या, तर एकाचे जंतू दुसऱ्याच्या घरी पोचायला वेळ लागत नाही.

मग माप उकळून का घेत नाहीत? उकळले तर ते बिघडते. मापाची नेहमीची पावडर म्हणजे आल्जिनेट. समुद्रातल्या तपकिरी शेवाळापासून ती करतात. (दुसऱ्या महायुद्धात जपानचे अगर मिळेनासे झाले, तेव्हा हिचा वापर वाढला. शेवाळ हेही एक पीकच की!) हे माप पाण्यात फार वेळ राहिले तर फुगते, उघड्यावर राहिले तर आकसते. दोन्हीकडून कवळी ढिली तरी होते किंवा टोचते तरी.

म्हणून रीत अशी. माप निघाले की आधी वाहत्या पाण्याखाली धुवायचे. माती लागलेली कात्री औषधात बुडवून उपयोग नसतो, तसेच हे. लाळरक्त राहिले तर औषधाचा जोर त्यातच संपतो. मग एक टक्का हायपोक्लोराईट सगळीकडे फवारून, झाकून, सुमारे दहा मिनिटे ठेवायचे, पुन्हा धुवायचे आणि लगेच प्लास्टर ओतायचे. पूर्वी नुसते धुणे पुरेसे समजत. आता तसे समजत नाहीत. द्रावण रोज ताजे हवे, कारण उन्हाने आणि दिवसांनी ते मरते. रबरी मापे द्रावणात बुडवली तरी चालतात. धातूच्या ट्रेला मात्र हे औषध खाते; त्याला ऑटोक्लेव्ह, म्हणजे आपल्या कुकरचा थोरला भाऊ, तिथली १२१ अंशांची वाफ. प्लास्टिकचा एकदाच वापरायचा ट्रे असेल तर तो टाकून द्यायचा.

तुम्ही काय करायचे? विचारायचे. "डॉक्टरसाहेब, ट्रे वाफेतून काढलेला आहे ना? माप औषधाने धुऊन पाठवता ना?" एवढे दोन प्रश्न. चांगला डॉक्टर रागावत नाही, उलट बाटली काढून दाखवतो. घरात कोणाला कावीळ होऊन गेली असेल तर तेही सांगा, लपवू नका. मोडकी कवळी दुरुस्तीला देताना आधी साबणाने आणि ब्रशने घासून द्या, आणि नवी हातात आली की धुऊनच तोंडात घाला. गरम पाणी नको, कवळी वाकडी होते.

शिबिरातली कवळी आईला ढिलीच झाली. दुसऱ्यांदा माप द्यायला तालुक्याच्या गावी गेलो, तेव्हा मी आधीच विचारून घेतले. डॉक्टरीणबाईंनी माप नळाखाली धरले, फवारा मारला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवले. आई म्हणाली, "अरे, हा तर विहिरीत टीसीएल टाकल्यासारखा वास येतोय."