प्रशिक्षणात गेलेला वैमानिकही युद्धातच गेलेला असतो

शत्रूच्या माऱ्यात विमान पडलं तर वैमानिक हुतात्मा ठरतो. शिकताना पडलं तर त्याची नोंद ‘अपघाती मृत्यू’ म्हणून होते आणि गावाबाहेर ती कुणाला ठाऊकही नसते. दुसऱ्या महायुद्धात कॅनडाच्या प्रेअरीवर, म्हणजे तिथल्या विस्तीर्ण गवताळ मैदानांवर, जे घडलं ते पाहता हा भेद अन्यायाचा आहे.

१७ डिसेंबर १९३९ रोजी ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांनी ओटावात करार केला. राष्ट्रकुलाचे हवाई सैनिक कॅनडात घडवायचे ठरले. ब्रिटनमध्ये ढगाळ हवा आणि जर्मन विमानांची धास्ती; इकडे मॅनिटोबा, सस्कॅचेवान, अल्बर्टात नजर पोचेल तिथवर सपाट जमीन आणि शत्रू समुद्रापार. ब्रँडन, मूस जॉ, यॉर्कटन, कारबेरी अशा छोट्या गावांशेजारी लाकडी हँगर आणि त्रिकोणात आखलेल्या धावपट्ट्या उभ्या राहिल्या. वारा कुठूनही वाहो, एखादी तरी पट्टी त्याच्या दिशेत सापडावी, हा त्या त्रिकोणाचा उपयोग. मार्च १९४५ अखेर योजना थांबेपर्यंत १ लाख ३१ हजारांहून अधिक हवाई सैनिक तयार झाले. त्यांतले जवळपास ५० हजार वैमानिक, बाकीचे दिशादर्शक, तोफची, बॉम्बफेके, वायरलेसवाले.

शिकायला आलेली बहुतेक मुलं विशीच्या आसपासची. शिकाऊ म्हणून टोपीत पांढरी पट्टी. टायगर मॉथसारख्या दोनपंखी विमानात शिक्षकाबरोबर आठ-दहा तास उडून झाले की एके दिवशी शिक्षक खाली उतरायचा आणि मुलगा एकटा आभाळात जायचा. पुढचा टप्पा हार्वर्डचा. हे विमान दणकट, पण मन मानेल तसं हाताळू देणारं नव्हे. जमिनीला टेकल्यावर जरा लक्ष हललं की ते गर्रकन फिरून पंखावर कलंडायचं. विमानांना पिवळा रंग दिलेला असे, तो लांबून दिसावीत म्हणून. हिवाळ्यात मात्र बर्फाची जमीन आणि पांढुरकं आभाळ एक होई, क्षितिज पुसलं जाई आणि आपण किती उंचीवर आहोत हेच कळेनासं होई. रात्रीच्या उड्डाणात तर मैलोन्मैल दिवा नाही. त्यात वय असं, की मनाई असूनही शेतावरून अगदी खालून विमान नेण्याचा मोह आवरत नसे.

या योजनेत आठशेहून अधिक जीव गेले. मूस जॉ, एस्टेव्हन, कारबेरीच्या दफनभूमीत आजही ब्रिटनहून आलेल्या मुलांची थडगी आहेत. ‘लीडिंग एअरक्राफ्टमन’ हा हुद्दा दिसला की जाणकाराला कळतं, याच्या छातीवर वैमानिकाचे पंख लागलेच नव्हते.

हे सगळं नशिबावर सोडून चालणार नाही. पहिल्या वर्षात सुमारे ११ हजार उड्डाणतासांमागे एक प्राणघातक अपघात होत होता. अखेरच्या वर्षात हे प्रमाण सुमारे २२ हजार तासांमागे एक इतकं खाली आलं. म्हणजे अनुभवी शिक्षक, पुरेशी विमानं आणि थोडी उसंत मिळाली की मृत्यू निम्म्यावर येतात. सुरुवातीच्या घाईची किंमत कुणी मोजली, हे त्या थडग्यांवर वाचता येतं.

शिक्षकांची जोखीमही अशीच दुर्लक्षित राहिली. उत्तम उडवणाऱ्या अनेकांना आघाडीवर न पाठवता शिकवायला मागे ठेवलं गेलं. ते हिरमुसले, बदलीचे अर्ज करत राहिले. नवख्याच्या हाती दांडा देऊन पुढच्या आसनावर, कधी मागच्या आसनावर बसणं हे काम कमी जोखमीचं होतं, असं कोण म्हणेल?

आणखी एक गोष्ट या गौरवगाथेत दडपू नये. युद्धाच्या सुरुवातीला कॅनडाच्या हवाई दलात भरती होण्यासाठी ‘शुद्ध युरोपीय वंश’ ही अट होती. लोकशाहीसाठी लढणाऱ्यांनी इतरांना दारातूनच परत पाठवलं, आणि ही अट उठायला काही वर्षं गेली.

ब्रँडनच्या विमानतळावर तेव्हाच्या एका हँगरमध्ये आज या योजनेचं संग्रहालय आहे आणि शेजारी काळ्या ग्रॅनाइटची भिंत. युद्धकाळात हवाई दलाच्या सेवेत, प्रशिक्षणातही, गेलेल्यांची १९ हजारांहून अधिक नावं तिच्यावर कोरली आहेत. हीच पद्धत सगळ्या हवाई दलांनी घ्यावी. प्रशिक्षणात गेलेल्यांची नावं युद्धस्मारकांवर याच मानाने यावीत आणि दर वर्षी किती तासांमागे किती शिकाऊ दगावले, हा आकडा लपवून न ठेवता जाहीर व्हावा.