नागपूरचा समुद्र बंगालचा
साप्ताहिक सदर : पाणी आणि विज्ञान

महाराष्ट्राला किनारा अरबी समुद्राचा, पण नागपूरचा समुद्र बंगालचा. लक्ष्मीभवन चौकात पडलेला पाऊस आणि धरमपेठेतल्या मोऱ्यांचं पाणी नाग नदीत जातं. नाग कन्हानला मिळते, कन्हान अंभोऱ्याला वैनगंगेत शिरते. पुढे गोसीखुर्दचं धरण, वर्धेशी संगम झाल्यावर प्राणहिता, सिरोंच्याजवळ गोदावरी आणि शेवटी आंध्रचा किनारा. समुद्राच्या ‘डिजिटल ट्विन’ची, म्हणजे संगणकातल्या जिवंत प्रतिकृतीची चर्चा धरमपेठेत बसून करायचा हक्क आपल्याला या पाण्यानंच दिला आहे.

ही प्रतिकृती नकाशाच्या दोन पावलं पुढे असते. तिला खऱ्या समुद्राची खबर सतत पुरवली जाते. उपग्रह पृष्ठभागाचं तापमान आणि रंग टिपतात. जगभर विखुरलेले सुमारे ४,००० आर्गो फ्लोट २,००० मीटरपर्यंत बुडी मारतात आणि साधारण दहा दिवसांनी वर येऊन तापमान-क्षारतेची नोंद उपग्रहाकडे धाडतात. या नोंदींवर उभ्या राहिलेल्या समुद्राला मग विचारता येतं : इथे बंदर बांधलं तर? इथली मासेमारी दोन वर्षं थांबवली तर? युरोपीय संघानं अशा समुद्राची घोषणा फेब्रुवारी २०२२ मध्ये ब्रेस्टला केली आणि जून २०२४ मध्ये पहिली आवृत्ती दाखवली. तो घडवणारी ‘मर्केटर ओशन’ ही संस्था तुलूज शहरात आहे, तिथूनही समुद्र दिसत नाही.

समुद्राची माहिती पुरवणारी आपली राष्ट्रीय संस्था ‘इन्कॉइस’ १९९९ पासून हैदराबादेत आहे. पाण्यातलं हरितद्रव्य आणि तापमान पाहून मासळी कुठे जमण्याची शक्यता आहे, हे ती मच्छीमारांना कळवते; कोकणात हा सल्ला मराठीतून पोचतो. त्यानं डिझेल वाचतं, वेळ वाचतो. पण मासळी कुठे आहे एवढंच कळून समुद्र टिकत नाही. सगळ्या होड्या तिथेच गेल्या तर पुढच्या हंगामाला काय उरेल, याचंही उत्तर हवं. प्रतिकृतीचा खरा उपयोग तिथे आहे.

आणि समुद्राचं उत्तर नद्यांवाचून देता येत नाही. बंगालच्या उपसागरात नद्यांचं गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर हलक्या थरासारखं पसरतं. त्यामुळे वरचं-खालचं पाणी नीट मिसळत नाही, पृष्ठभाग उबदार राहतो आणि चक्रीवादळांना बळ मिळतं. खालची पोषकद्रव्यं वर यायलाही अडथळा होतो. मधल्या थरांत प्राणवायू आधीच नाममात्र आहे. धरणांत गाळ अडल्यानं गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशाला माती कमी मिळते. हे सगळं जिथून सुरू होतं, त्या जमिनीची मोजदाद नसेल तर प्रतिकृती देखणी होईल, खरी होणार नाही.

नागपूरच्या मैल्याचा गोदावरीत वाटा तो कितीसा, असं कुणी म्हणेल. वाटा लहान आहे, हे कबूल. पण खोऱ्यातलं प्रत्येक गाव हेच म्हणू शकतं. शिवाय आपल्या पाण्याचा पहिला भोग गोसीखुर्दच्या जलाशयाला आणि तिथल्या ढिवर मच्छीमारांना भोगावा लागतो. समुद्र त्यानंतर येतो.

‘असं केलं तर?’ हा प्रश्न वेळेवर न विचारण्याची किंमत आपण मोजलेली आहे. २३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे चार तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडला आणि पाणी घराघरांत शिरलं. सांडव्यासमोरच्या बांधकामानं प्रवाह अडतो का, यावर नंतर उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात खल झाला. तलाव आणि नाल्यांची चालती प्रतिकृती हाताशी असती, तर तोच प्रश्न बांधकामाआधी संगणकाला विचारता आला असता.

अशी प्रतिकृती करायला लागणारी माणसं परकी नाहीत. नदीप्रदूषण जाणणारी ‘नीरी’ ही संशोधन संस्था या शहरात १९५८ पासून आहे. उपग्रह-नकाशांचं काम करणारं महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र दक्षिण अंबाझरी मार्गावर, व्हीएनआयटीच्या आवारात आहे. नाग नदीच्या प्रदूषणमुक्तीसाठी १,९२५ कोटींहून जास्त खर्चाच्या प्रकल्पाची पायाभरणी डिसेंबर २०२२ मध्ये झाली. त्यात नळ, टाक्या आणि शुद्धीकरण केंद्रं येतीलच. माझी मागणी एवढीच की, अंबाझरीपासून अंभोऱ्यापर्यंत ठरावीक ठिकाणी पाण्याची पातळी, विरघळलेला प्राणवायू आणि नायट्रेट मोजणारी यंत्रं बसवा, त्यांचे आकडे रोज सर्वांसाठी खुले ठेवा आणि तेच हैदराबादच्या ‘इन्कॉइस’लाही पोचवा. शुद्धीकरण केंद्र चालू आहे की नुसतं उद्घाटन झालेलं आहे, हे मग नागरिकाला अर्ज न करता कळेल. महापालिकेला आकडे झाकायचे असतील, तर आधी ही यंत्रं बंद करावी लागतील; आणि तेही सगळ्यांना दिसेल.

— धरमपेठकर