औषध मोफत, अडीच वर्षे कुणाची?



लहान मुलाला रक्ताचा कॅन्सर झाला म्हटले की आपल्याकडे अजूनही ‘संपले’ असेच धरून चालतात. हे खरे नाही. मुलांमध्ये सर्वाधिक आढळणारा ल्युकेमिया, डॉक्टर ज्याला ‘एएलएल’ म्हणतात, तो पूर्ण उपचार मिळाल्यास बहुसंख्य मुलांमध्ये बरा होतो. मात्र ‘पूर्ण’ म्हणजे सुमारे अडीच वर्षे. आधी काही महिने जोरकस औषधे, पाठीच्या मणक्यातून इंजेक्शने, वरचेवर रक्त देणे. मग दीड-दोन वर्षे घरी गोळ्या आणि ठरलेल्या तपासण्या. लेकरू खेळायला लागले म्हणून मध्येच सोडले, तर आजार उलटतो.

हा हिशेब पालम तालुक्यात मांडून पाहू. इथली कितीतरी कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. मुकादम उचल देतो ती कोयत्याला, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला. लेकराचा ताप हटत नाही, अंगावर निळे डाग उठतात, हाडे दुखतात, चेहरा पांढराफटक पडतो. सलाईन होते, अंगारा होतो. साध्या रक्ततपासणीतूनही संशय येऊ शकतो, पण उसाच्या फडावर ती कोण करणार? निदान होऊन मुंबईला, परळच्या टाटा रुग्णालयात जायचे ठरले की सोबत राहते ती बहुधा आई. कोयता मोडतो, उचल मात्र फिटलेली नसते. मागे राहिलेल्या भावंडांचा स्वयंपाक थोरल्या मुलीवर येतो आणि तिची शाळा सुटते. वर ‘हिच्याच पोटचा दोष’ हे ऐकायलाही आईच. हा आजार संसर्गाने होत नाही, आईच्या खाण्यापिण्याने होत नाही, हे आपल्या बैठकांतून पुन्हा पुन्हा सांगावे लागेल.

योजना नाहीत असे नव्हे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत उपचार बसतात. रेल्वेत रुग्णाला स्लीपरचे भाडे माफ, सोबत्याला पाऊणपट सवलत आहे. टाटामध्ये निवास, अन्न, पैसा आणि समुपदेशन यांची सांगड घातल्यावर उपचार सोडणाऱ्या मुलांचे प्रमाण २००९ च्या सुमारास वीस टक्क्यांच्या आसपास होते, ते पुढे पाच टक्क्यांखाली आले. तेव्हा पालक ‘अडाणी’ म्हणून उपचार सोडतात, हे बोलणे आता पुरे.

आणि लेकरू मुलगी असेल तर? हा आजार जगभर मुलग्यांत किंचित जास्त आढळतो. पण दिल्लीचे एम्स, टाटा आणि चेन्नईचे कॅन्सर इन्स्टिट्यूट यांच्या नोंदींचा अभ्यास झाला, त्यात मुलांच्या कॅन्सरमध्ये मुलग्यांची संख्या मुलींपेक्षा कितीतरी अधिक दिसली. ही तफावत त्या ‘किंचित’मध्ये मावत नाही. खर्चिक अस्थिमज्जा प्रत्यारोपणापर्यंत तर मुली आणखी कमी पोचल्या. ज्या दवाखान्याच्या दारापर्यंत आल्याच नाहीत, त्यांचा केसपेपरही निघत नाही. गावातल्या कार्यकर्तीला मात्र ती मुलगी ठाऊक असते.

म्हणून मागणी केवळ औषधाची नको. आईच्या बुडालेल्या मजुरीची भरपाई ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाने द्यावी, आजारी लेकराच्या घरची उचल मुकादमाने त्या हंगामात वसूल करू नये. परभणीत २०२३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. गोळ्यांच्या काळातल्या तपासण्या तिथे झाल्या तर मुंबईच्या निम्म्या फेऱ्या वाचतील. येत्या हंगामाच्या टोळ्या निघण्याआधी पालम-गंगाखेडच्या गटांनी वस्तीवस्तीवर जाऊन ताप न हटणाऱ्या मुलामुलींची यादी करावी, आणि त्यात मुलींची नावे आधी लिहावीत.