खेळाचा संगणक आणि बचत गटाचे पैसे

बारावीचे निकाल लागले आणि मुलं कॉलेजात जाऊ लागली, की घरात एक नवा हट्ट सुरू होतो. पूर्वी तो सायकलीचा असे, मग मोबाईलचा झाला, आता ‘गेमिंग पीसी’चा आहे. तोही तयार नको, सुटे भाग आणून जोडलेला हवा! आमच्या ठाकुरवाडीतसुद्धा हे लोण पोचले आहे. शेजारच्या वहिनींनी धाकट्यासाठी बचत गटातून पन्नास हजार उचलले आणि दुकानाची यादी घेऊन माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, “बाई, यातलं काय गरजेचं नि काय नुसतं दिखाऊ, तेवढं सांगा. दोन वर्षं हप्ता मला भरायचाय.”

यादी वाचली. काचेचा कॅबिनेट, रंगीत दिव्यांचे चार पंखे, भारीपैकी प्रोसेसर. आणि सर्वांत खाली एकच शब्द, ‘एसएमपीएस’. ना कंपनीचे नाव, ना वॉरंटी. किराण्याच्या यादीत ‘तेल’ एवढेच लिहिले तर वाणी कुठले देईल, ते आपल्याला ठाऊक असतेच.

हे भाग काही गूढ नाहीत. प्रोसेसर आकडेमोड करतो, ग्राफिक्स कार्ड चित्र काढते. एसएसडी म्हणजे फडताळ, सगळे त्यात साठवलेले. रॅम म्हणजे ओटा, हाताशी लागेल तेवढेच त्यावर मांडायचे. मदरबोर्ड या सगळ्यांना जोडतो, आणि एसएमपीएस भिंतीतली वीज प्रत्येकाला सोसेल अशी करून वाटतो.

खेळासाठी सर्वांत महाग पडते ते ग्राफिक्स कार्ड. पन्नास हजारांत मॉनिटरही बसवायचा, तर चांगले कार्ड ओढूनताणून घ्यावे लागते आणि बाकी सगळ्यात काटछाट होते. म्हणून मी वहिनींना सांगितले, कार्ड आज घेऊच नका. चित्राची सोय पोटातच असलेला प्रोसेसर घ्या. रायझन ५ ५६००जी हा २०२१ साली आलेला, सहा कोरचा. आज जुना म्हणतील, पण व्हॅलोरंट, माइनक्राफ्टसारखे खेळ त्यावर नीट चालतात आणि कॉलेजचा अभ्यासही होतो. हप्ते फिटले की कार्ड त्याच मदरबोर्डात खोचता येते.

इथे एक अक्षर जपा. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी ‘एफ’ असतो, त्यात चित्राची सोय नसते. कार्डाशिवाय तो घेतलात तर पडद्यावर काहीच दिसणार नाही. वहिनींच्या यादीत नेमका ‘एफ’वाला होता आणि कार्डाचा पत्ता नव्हता!

रॅम सोळा जीबी पुरे, पण सोळाची एक पट्टी नको, आठ-आठच्या दोन घ्या. वेगळे कार्ड नसताना चित्राचे कामही रॅममधूनच चालते. दोन पट्ट्या असल्या की वाट दुप्पट रुंद होते आणि खेळ अडखळत नाही. २०२५च्या अखेरीस रॅमचे भाव भलतेच चढले, कारण एआयच्या मोठमोठ्या केंद्रांना मेमरी लागू लागली. तेव्हा बत्तीसचा मोह नको. चार खाचांचा बोर्ड घेतला की पुढे वाढवता येते. या प्रोसेसरला डीडीआर४ रॅम लागते, डीडीआर५ त्या बोर्डात बसतच नाही. यादीत हे जुळते ना, ते पाहा.

आता एसएमपीएस. इथे मात्र मी पैशाकडे पाहत नाही. स्वस्त कॅबिनेटबरोबर फुकट येतो, त्यावर वॅटचा आकडा मोठा छापलेला असतो, पण तेवढा भार तो पेलेलच असे नाही. आणि जळला, तर कधी कधी बोर्डालाही घेऊन जातो. नावाजलेल्या कंपनीचा साडेपाचशे वॅटचा घ्या. ‘८० प्लस ब्राँझ’ ही खूण वीज कमी वाया जाते एवढेच सांगते. टिकाऊपणाचा अंदाज वॉरंटीच्या वर्षांवरून घ्यावा, पाच वर्षे असली तर उत्तम.

आपल्या भागात हे अधिकच लागू. खोपोलीचे वीजकेंद्र १९१५ सालचे, भिवपुरीचे १९२२चे. तरी मृगाचा पहिला गडगडाट झाला की वाडीतले दिवे मिणमिणू लागतात! म्हणून छोटा यूपीएस हवाच. सहाशे व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅट भार उचलतो. पण तो काम साठवून संगणक बंद करण्यापुरता. दिवे गेल्यावर खेळत बसण्यासाठी नव्हे, हे चिरंजीवांना आधीच बजावा. वीज कडाडू लागली की प्लगच काढून ठेवावा.

आणि अर्थिंग! कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या आल्या, तर भाग बिघडला असे समजू नका, आधी अर्थिंग पाहा. जुन्या घरांत तीन पिनांचा सॉकेट असतो, पण तिसरी तार कुठेच गेलेली नसते. वायरमनला बोलावून तपासून घ्या. उन्हाळ्यात जमीन सुकली की अर्थिंगच्या खड्ड्यात अधूनमधून पाणी ओतावे.

खरेदीला लॅमिंग्टन रोड बरा. कर्जत लोकलने दादर, तिथून पश्चिम रेल्वेने ग्रँट रोड, पूर्वेला उतरून चालत. रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात. दोन-तीन दुकानांतून लेखी भाव घ्या, मगच पर्स उघडा. खोक्यावर आयातदाराचे नाव-पत्ता आणि एमआरपी असावी, बिलावर प्रत्येक भागाचा सिरियल नंबर. बिलाशिवाय स्वस्त देतो म्हणाले तर चहासुद्धा घेऊ नका. मॉनिटर तिथेच लावून पाहावा. आणि दुपारीच परतीची गाडी धरा. संध्याकाळच्या कर्जत लोकलमध्ये मॉनिटरचे खोके घेऊन चढणे म्हणजे काय, हे मी तुम्हाला सांगायला नको.

मॉनिटर घ्यावा की घरच्या टीव्हीला जोडावे? एचडीएमआय असेल तर जोडता येते, आणि तेवढे पैसे वाचतात. पण रात्री आठ ते दहा टीव्ही कोणाचा, हे आधी ठरवा! वहिनींनी मॉनिटरच घेतला.

पावसाळ्यात मशीन नुसते झाकून ठेवू नये. रोज थोडा वेळ चालू ठेवले की आतली ओल सुटते. मागच्या रिकाम्या खाचांना पत्र्याच्या पट्ट्या लावलेल्या असू द्या. पालींना ती ऊब फार आवडते.

वहिनींचे सगळे ४७ हजारांत बसले. दिव्यांचे पंखे गेले, त्याबद्दल पोरगा दोन दिवस फुगून होता. उरलेल्या पैशांतून अर्थिंगचा खड्डा घेतला. वायरमन सोमवारी काम करून गेला, मंगळवारी संगणक जोडला.