रस्त्यावरील पाखरे

सूर्योदयाच्या सुमारास देशावरील एखाद्या खेड्याकडे जाणारा रस्ता पाहावा. दुतर्फा बाभळी आणि कडुनिंब, पलीकडे ज्वारीची शेते आणि भर रस्त्यात पाखरांचा मेळा! होले मान खाली घालून काही टिपीत असतात, चंडोल तुरुतुरु धावत असतात, तर चिमण्या कडेच्या धुळीत अंग घुसळीत असतात. एवढ्यात एखादी मोटार भरधाव येते. पाखरे अगदी अखेरच्या क्षणी उडतात आणि त्यांतील एखादे तेथेच पडून राहते. ते पाहून प्रवासी उद्गारतो, “एवढे रान मोकळे असता या मूर्ख पाखरांना रस्ताच कसा सुचतो?”

हा आक्षेप न्याय्य नाही. पाखरांना रस्त्यावर आणते ती त्यांची गरज. पक्ष्यांना दात नसतात. गिळलेले दाणे त्यांच्या पोटातील पेषणी नावाच्या स्नायुमय पिशवीत भरडले जातात आणि त्या भरडण्यासाठी धान्य खाणाऱ्या पक्ष्यांना बारीक खडे गिळावे लागतात. असे खडे रस्त्याच्या कडेला विनासायास मिळतात. सुगीच्या दिवसांत बैलगाड्यांतून व मालमोटारींतून सांडलेले दाणे तेथेच पडलेले असतात. काही गावी तर शेतकरी डांबरी रस्त्यावरच कणसे पसरतात आणि वाहनांच्या चाकांखाली मळणी होते. पाखरांच्या दृष्टीने ते वाढलेले ताटच होय. कडेची मऊ धूळ धूलिस्नानास उपयोगी पडते. तिने पिसांतील जादा तेलकटपणा जातो. पावसाळ्यात खड्ड्यांत साचलेले पाणी पिण्यास मिळते. रात्री रातवा नावाचा पक्षी रस्त्यावर बसून उडते कीटक टिपतो. दिवसभर तापलेले डांबर तेव्हाही उबदार असते.

खडी मनुष्याने पसरली, दाणे त्याने सांडले, डांबरही त्यानेच घातले. पाखरांना बोलावणारी ही सारी सामग्री त्याने स्वतः मांडून ठेवली असता, ती आली म्हणून त्यांनाच दोष देणे कितपत शोभते?

येथे कोणी विचारील, पाखरांना पंख आहेत, तर ती वेळीच का उडत नाहीत? फ्रान्समध्ये झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात याचे उत्तर मिळते. ज्या रस्त्यावर वेगमर्यादा अधिक होती, तेथील पक्षी वाहन दूर असतानाच उडत. परंतु प्रत्यक्ष येणारे वाहन हळू आहे की भरधाव, याने त्यांच्या वागण्यात फरक पडत नसे. म्हणजे पक्षी त्या त्या रस्त्याची रीत ओळखतात. ती रीत मोडणारा वाहनचालक मात्र त्यांच्या हिशेबात नसतो.

समजा, एखादे पाखरू वाहन ३० मीटरांवर आले की उडते. वाहनाचा वेग ताशी ३६ किलोमीटर असेल, तर त्याला ३ सेकंद मिळतात. तोच वेग ताशी १०८ किलोमीटर झाला, की हाती उरतो केवळ १ सेकंद. पाखराची सावधगिरी तेवढीच. मनुष्याच्या घाईने मात्र तिला निष्फळ केलेले असते.

हळू जाण्याने वेळ वाया जातो, असेही म्हटले जाते. पाखरांच्या थव्याजवळचे २०० मीटर अंतर ताशी १०८ ऐवजी ३६ किलोमीटर वेगाने कापले, तर सुमारे १३ सेकंद अधिक लागतात. एका जिवापुढे १३ सेकंदांची किंमत ती काय? अर्थात, पाखरू दिसताच एकाएकी वाहन थांबवणे किंवा वळवणे माणसांच्याच जिवावर बेतेल. थवा दूर दिसताच वेग हळूहळू उतरवावा, हाच खरा उपाय. तसेच धान्याची पोती नीट शिवावीत, गाडीवर ताडपत्री घालावी आणि मळणी खळ्यावरच करावी. त्यायोगे शेतकऱ्याचे धान्य वाचेल आणि पाखरांचे प्राणही.

रस्ता बांधणारा मनुष्य आहे आणि वेग वाढवणाराही तोच आहे. पाखराला अंतर कळते, वाहनाचा वेग कळत नाही. ज्याला तो कळतो आणि ज्याच्या हाती तो आवरण्याची सत्ता आहे, सावधगिरीचा भारही त्यानेच उचलला पाहिजे.