पूर्वमेघ वगळून

रायपुरातून सरगुजा पाहण्याची एक ठरलेली पद्धत आहे. रात्री दुर्ग-अंबिकापूर एक्स्प्रेसमध्ये झोपायचं, सकाळी अंबिकापूरला उतरायचं आणि आधीच ठरवलेल्या गाडीत बसायचं. एक दिवस मैनपाटचा: तिबेटी मठ, उल्टा पानी, जलजली, टायगर पॉइंट आणि मोमो. दुसरा दिवस रामगडचा: सीताबेंगरा, जोगीमारा, हाथीपोल, आणि पायांत बळ असेल तर वरच्या मंदिरापर्यंतची चढण. संध्याकाळी परत, रात्रीची गाडी, सकाळचा चहा घरी. आमच्या भनपुरीतले शेजारी, ओळखीची मराठी कुटुंबं, नागपूरहून येणारे पाहुणे, सगळे असेच जातात आणि खूश होऊन येतात.

या सहलीवर माझा आक्षेप आहे. तो कचऱ्याबद्दल किंवा सेल्फीबद्दल नाही. त्यावर पुष्कळांनी लिहिलं आहे आणि लिहिणारा स्वतःला नेहमी त्यातून वगळतो. माझं म्हणणं असं, की ही सहल सरगुजाचे चार ठिपके करते आणि ठिपक्यांमधला मुलूख झोपेत काढायला शिकवते. त्या चार ठिकाणांचं पुढे काय होणार, ते मात्र याच मधल्या मुलखात ठरतं आहे.

आता पाहा, रामगडला आपण जातो ते कालिदासाच्या नावाने. यक्षाचा रामगिरी तो हाच, असं इथे मानतात. आषाढाच्या मुहूर्तावर तिथे महोत्सव भरतो. पण मेघदूताचा निम्मा भाग, म्हणजे सगळा पूर्वमेघ, रस्त्याचाच आहे. यक्षाला निरोप पोचवण्याची घाई आहे, तरी तो ढगाला सांगतो काय? थकलास की डोंगरावर टेक, रिता झालास की नदीचं पाणी पी, वाट वाकडी झाली तरी उज्जयिनी चुकवू नकोस. नांगरलेल्या जमिनीचा वास, फुलं खुडून घामेजलेल्या बाया, उदयनाच्या गोष्टी सांगणारे गावातले म्हातारे, हे सगळं वाटेवरचं आहे. हे काव्य तोंडपाठ असलेली माणसं आपला रस्ता मात्र डब्यातला दिवा मालवून पार करतात. ती रात्रीची गाडी तर अनुपपूरकडून जाते. कटघोरा-उदयपूरचा मुलूख त्या प्रवासात लागतच नाही.

आम्हां मराठी मंडळींचा तिथे आणखी एक उद्योग असतो. घराणं भोसल्यांच्या काळापासून छत्तीसगडात असो की भिलाईच्या कारखान्याबरोबर आलेलं असो, नागपूरचा धागा सुटलेला नसतो. त्यामुळे सीताबेंगऱ्याच्या तोंडाशी उभं राहून कुणीतरी हमखास म्हणतं, ‘‘खरा रामगिरी आपला रामटेकच हो.’’ वा. वि. मिराशींनी रामटेकची बाजू जोरकसपणे मांडली आहे. प्रभावतीगुप्तेच्या ऋद्धपूर ताम्रपटात रामगिरीच्या स्वामीचा उल्लेख आहे, हा पुरावा हलका नाही. मलाही तो पटतो. पण त्यातून ठरतं काय? पाटी कोणत्या डोंगरावर लावायची, एवढंच. रामटेकजवळ मनसर आणि कांद्रीला मँगेनीजच्या खाणी आहेत, उदयपूरजवळ कोळशाच्या. रामगिरीसाठी हमरीतुमरीवर येणाऱ्यांपैकी एकानेही या खाणींचा विषय काढलेला मी आजवर ऐकलेला नाही.

शिवाय रामगडला कालिदासाचं प्रमाणपत्र हवंच कशाला? जोगीमाऱ्याच्या भिंतीवरचा ब्राह्मी लेख त्याच्या कितीतरी शतकं आधीचा आहे. साधारणपणे तो इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातला मानतात. सुतनुका नावाची एक देवदासी होती आणि वाराणसीच्या देवदिन्न नावाच्या रूपदक्षाचा तिच्यावर जीव जडला, एवढंच तो मागधी प्राकृतात सांगतो. राजाची स्तुती नाही, दानाचा हिशेब नाही, धर्माज्ञा नाही. दोन माणसांची नावं आहेत. ‘रूपदक्ष’ म्हणजे चित्रकार, शिल्पकार की आणखी कोणी, यावर विद्वान अजून वाद घालतात. पण वाराणसीहून इथवर आलेला तो माणूस या डोंगरात राहिला असणार. शेजारच्या सीताबेंगऱ्यात खडकातच कोरलेल्या बैठका आहेत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला टी. ब्लॉख यांनी ती नाट्यशाळा असावी असं मांडलं. आज तेच ऐकवून ड्रायव्हर घड्याळ दाखवतो.

आता तो वगळलेला रस्ता. तो आमच्या भनपुरीवरूनच जातो: बिलासपूर रोड. लाकडाच्या वखारी, सॉ मिल, ट्रकांच्या रांगा, पुढे उरला आणि सिलतऱ्याचे लोखंडाचे कारखाने. गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर इथे सकाळी काळी भुकटी बसलेली असते. हाच रस्ता बिलासपूर आणि कटघोरा मागे टाकून उदयपूरला नि पुढे अंबिकापूरला पोचतो. कटघोऱ्यानंतर हसदेवचं सालवन लागतं. 2010 च्या सुमारास केंद्राच्या पर्यावरण आणि कोळसा मंत्रालयांनी मिळून केलेल्या पाहणीत हसदेव अरण्याचं कोळसाक्षेत्र खाणकामासाठी निषिद्ध धरलं होतं. 2011 मध्ये तिथल्याच परसा ईस्ट केते बासन खाणीला वनमंजुरीचा पहिला टप्पा मिळाला आणि 2013 मध्ये कोळसा निघू लागला. 2021 च्या ऑक्टोबरात तिथले गावकरी सुमारे 300 किलोमीटर चालत रायपूरला आले. 26 जुलै 2022 रोजी छत्तीसगड विधानसभेने हसदेवमधले कोळसाखंड रद्द करावेत असा ठराव केला. त्यानंतरही 2023 च्या डिसेंबरात आणि 2024 च्या ऑगस्टमध्ये पोलीस बंदोबस्तात झाडं तोडली गेली.

खाणीच्या नावातलं केते हे एक गाव होतं. ते उठवलं गेलं, नाव खाणीला राहिलं. सुतनुकेचं नाव वाचायला आपण इतक्या लांब जातो. हे नावही त्याच उदयपूर विकासखंडातलं आहे. खाणीतल्या सुरुंगांनी रामगडच्या खडकाला धोका आहे का, यावर सरगुजात जाहीर वाद चालू आहे. रामगडहून परतलेल्यांना मी याबद्दल विचारतो, तेव्हा बहुतेकांना तो वाद ऐकूनही माहीत नसतो. गुहा मात्र फारच छान होती, म्हणतात.

मैनपाटचं तेच. त्या पठारावर 1962-63 च्या सुमारास तिबेटी निर्वासित वसवले गेले. त्यांचा मठ म्हणजे देश गमावलेल्या माणसांनी परमुलखात उभारलेलं घर आहे. आपण त्याला ‘मिनी तिबेट’ म्हणतो, पताकांखाली फोटो काढतो आणि पाऊण तासात निघतो. ते पठार त्याआधीपासून मांझी, मझवार, पहाडी कोरवा यांचं आहे, हे कुणी सांगत नाही. तिथे बॉक्साइटच्या खाणी आहेत, हेही नाही. फुललेल्या टाऊच्या शेतात उभं राहून सगळे फोटो काढतात. त्याचंच पीठ उत्तरेकडे कुट्टू म्हणून उपासाला चालतं, हे त्यांच्या गावी नसतं. रायपुरात दर हिवाळ्यात तिबेटी स्वेटरांचा बाजार भरतो. तिथे शंभर रुपयांसाठी आपण जिच्याशी घासाघीस करतो, त्या बाईला गाव विचारा. कधीकधी मैनपाटचं नाव निघतं. मठ पाहून आलेल्या किती जणांनी तिला गाव विचारलं आहे?

यावर मला तीन उत्तरं मिळतात. पहिलं, नोकरदार माणसाला सुट्याच दोन; त्याने काय करावं? सुट्या वाढवा असं मी म्हणत नाही. चार ठिकाणांऐवजी एकच पाहा, एक रात्र तिथेच राहा, आणि निदान एकदा दिवसाउजेडी रस्त्याने जा. एवढं दोन दिवसांत बसतं.

दुसरं उत्तर अधिक वजनदार आहे: पर्यटन वाढलं की लोकांना खाणीशिवाय दुसरा रोजगार मिळेल आणि जंगल वाचेल. हे खरं होऊ शकतं. पण माणूस गावात राहिला, जेवला, पैसे तिथेच देऊन गेला तर. एका दिवसाच्या सहलीचा पैसा अंबिकापूरच्या हॉटेलात आणि पेट्रोल पंपावर जातो. अशा सहलीला लागतं काय, तर रुंद रस्ता, पार्किंग आणि रेलिंग. जंगल नाही लागत. ठिपका शाबूत असला की पुरे. आपला कायदाही ठिपक्यांचाच विचार करतो: केंद्रीय संरक्षित स्मारकाभोवती 100 मीटर बंदी, पुढे 200 मीटर नियंत्रण. त्यापलीकडच्या डोंगराचं, ओढ्याचं, हत्तींच्या वाटेचं काय, हे विचारणारा माणूस लागतो, आणि तो घाईत असून चालत नाही.

तिसरं उत्तर थेट माझ्यावर येतं: तुम्ही भनपुरीत राहता, तुमची रोजीरोटी लोखंडावर आणि कोळशावर, पंखाही कोळशावर फिरतो, तुम्ही कोण बोलणार? मीच बोलणार. कोळसा कुठून येतो हे ज्याच्या दारावरून ट्रक जातात त्याने नाही सांगायचं तर कुणी? वीज वापरणाऱ्याने गप्प बसावं असा नियम केला तर देशात बोलायला कुणी उरणार नाही, आणि खाणवाल्यांना तेच हवं असतं.

या पानांवर अनेक भाषा शेजारी बसतात, म्हणून लेखकांपुढे हे मांडतो आहे. रामगडच्या परिसरात संस्कृत आणि प्राकृताच्या जोडीला सरगुजिहा आणि कुडुख बोलल्या जातात. आपल्या प्रवासवर्णनांत पहिल्या दोघी असतात, शेवटच्या दोघी जवळपास नसतातच. मराठीला प्रवासवर्णनाची मोठी परंपरा आहे आणि तिने हिमालयाच्या मठांपासून युरोपातल्या चर्चपर्यंत सगळं लिहून ठेवलं आहे. केते या गावावर तिच्यात चार ओळी असायला हरकत नाही.

तेव्हा पुढच्या आषाढात मेघदूतावर बोलायला कुणी सरगुजाला निघणार असेल, तर त्याने रात्रीची गाडी टाळावी. बिलासपूर रोडने दिवसा जावं, कटघोऱ्याच्या पुढे दोनदा थांबावं, चहा प्यावा, विचारावं. आणि भाषणाची पहिली दहा मिनिटं वाटेत काय दिसलं ते सांगावं. कालिदास नंतर आला तरी चालेल.